मधाचं गाव पावसाळ्यात काय खातं? मांघर आणि आमच्या वाडीचं प्रकरण

मांघरचं नाव आता बऱ्याच जणांनी ऐकलंय. महाबळेश्वर तालुक्यातलं, चारी बाजूंनी जंगल असलेलं छोटं गाव. १६ मे २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई आले होते. गावातली जवळपास ८० टक्के घरं मधमाश्या पाळतात. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एवढंच विचारतो की पेटी कितीला पडते, अनुदान किती मिळतं आणि मध काय किलोने जातो. माश्या वर्षभर खातात काय हे आजवर एकानेही विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी याच तालुक्यातली, म्हणजे सासर इथलं. आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात उतरते त्या बाजूला आहे, पस्तीस-एक घरं, त्यातली निम्मी गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद. माणसं मुंबईला. आमच्या भागातल्या पिढ्यान्पिढ्या माथाडी कामावर गेल्यात, माझे मिस्टर पण वाशी मार्केटलाच आहेत. मागे राहतो त्या आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मामा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणापासून सातेरीच्या, म्हणजे इथल्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळतात आणि मी लग्न होऊन आल्यावर घाबरत घाबरत त्यांच्याकडूनच शिकले.

या भागाला मधमाश्या नवीन नाहीत. पूर्वी झाडाच्या ढोलीत नाहीतर कपारीत मोहोळ दिसलं की धूर करायचा आणि पोळं पिळून घ्यायचं, त्यात अंडी-पिल्लं सगळी मधाबरोबर चिरडली जायची. १९४० च्या दशकात महाबळेश्वरला पेटीतलं मधमाशीपालन सुरू झालं, पुढे मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय पण महाबळेश्वरलाच आहे. पुण्यात १९६२ ला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. पेटीने फरक हा पडला की खाली पिल्लांची कोठी आणि वर मधाची कोठी, वरच्या चौकटी तेवढ्या काढायच्या, यंत्रात फिरवायच्या आणि पोळं जसंच्या तसं परत ठेवायचं, पिल्लांना हात लागत नाही आणि माश्यांना मेण परत पहिल्यापासून बांधत बसावं लागत नाही. मग १९९१-९२ ला दक्षिणेत थायी सॅकब्रूड नावाचा रोग आला, त्यात अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मरते. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सातेरीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास वसाहती गेल्या. मामा अजून त्या काळाबद्दल बोलताना आवाज खाली करतात.

सातेरीच का पाळता, युरोपियन मेलिफेरा का नाही, हा पण एक नेहमीचा प्रश्न. मेलिफेराची पेटी सातेरीच्या कितीतरी पट मध देते हे खरंय, पण तिला मोहरी, सूर्यफूल अशी सपाटीवरची एकरच्या एकर फुलं लागतात आणि फुलोरा संपला की पेट्या ट्रकमध्ये घालून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात न्याव्या लागतात. आमच्याकडे डोंगरउतार, धुकं, इथे चार झाडं तिथे चार झाडं. सातेरी हे जमवून घेते. ती इथलीच आहे, व्हरोआ माइट, म्हणजे माशीच्या अंगावर जगणारा गोचिडासारखा बारीक जीव, तिच्या अंगावर मुळापासूनचाच, त्यामुळे ती त्याला साफ करत राहते. गांधीलमाशी आली तर पाच-पन्नास जणी मिळून तिला गोळ्यात कोंडतात आणि अंगाच्या उष्णतेने मारतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण सातेरीचा एक स्वभाव आहे, तिला उपाशी राहणं चालत नाही. खायला नसलं की घर सोडून जाते. मधपाळ याला घरसोडच म्हणतात.

आता फुलोऱ्याचं गणित बघा. थंडी सरत आली की अंजनी निळीशार होते, मग मार्च-एप्रिलला जांभूळ, त्याच्या मागोमाग हिरडा आणि गेळा. आमचा मुख्य मध जांभूळ आणि हिरड्याचा, तो मेपर्यंत काढून होतो. पावसाळा सरताना सोनकी, तेरडा, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी, ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी मधपाळाची दिवाळी. (ज्या कारवीच्या काठ्यांचे कूड करून आमची जुनी घरं उभी राहिली तीच ही कारवी.) म्हणजे आठ महिने बरे जातात. उरले चार, जून ते सप्टेंबर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. माशी बाहेर पडू शकत नाही, आणि पडली तरी जवळपास काही फुललेलं नसतं. मधाच्या गावाची परीक्षा मे महिन्यात नसते, ती श्रावणात असते.

आमची परीक्षा २०२१ ला झाली. त्या जुलैत २२-२३ तारखेला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला, जिल्ह्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली. आमचे रस्ते बंद, लाईट नाही, पेट्यांकडे नऊ दिवस कोणाला बघायलाच झालं नाही. दहाव्या दिवशी मी झाकण काढलं. माश्या होत्या, पण चौकटीवर दाट बसलेल्या नव्हत्या, पातळ पसरलेल्या, आणि हात लावला तर उठत पण नव्हत्या. पिल्लांच्या घरांत अंडी दिसत होती, तळाला सुईच्या टोकाएवढी, पण अळी एकसुद्धा नाही. मला वाटलं भूक लागलीय, साखरेचा पाक करून वाटीत काड्या टाकून आत ठेवला. रोज ठेवत गेले. अंडी पण दिसेनाशी झाली, तरी मला वाटत होतं पाक संपतोय म्हणजे सगळं ठीक आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस साडेदहाच्या सुमाराला ऊन पडलं आणि पेटीच्या तोंडातून माश्या अक्षरशः ओतायला लागल्या, धान्याचं पोतं फाटल्यासारख्या, एक काळा ढग अंगणात गरगरला, घराच्या पाख्यावरून वर गेला आणि ओढ्यापलीकडे दिसेनासा झाला. पाच मिनिटांचा खेळ. पेटीत राहिली स्वच्छ रिकामी पोळी आणि निम्मी भरलेली पाकाची वाटी. त्या पावसाळ्यात सातातल्या चार पेट्या अशाच गेल्या.

मी रडत होते. मामा पडवीत बसून म्हणाले, "साखर हाय गं पोरी, पर पराग कुठाय? नुसत्या चहावर ल्हान पोरं वाढवतीस का तू?"

हे वाक्य मला लागलं आणि त्यातूनच पुढचं सगळं सुरू झालं. मध किंवा साखर म्हणजे माशीला उडायला, पेटी उबदार ठेवायला लागणारी ताकद. पण पिल्लं वाढतात परागावर, प्रथिनं तिथूनच येतात. पराग नसला की कामकरी माश्या पिल्लांना पाजू शकत नाहीत, मग असलेल्या अळ्याच खाऊन टाकतात. म्हणून त्या दिवशी अंडी होती आणि अळी नव्हती. पुढे राणी अंडी घालायची थांबते आणि मग सगळं कुटुंब उठतं. पेटीने मला दोन-तीन आठवडे आधी सांगितलं होतं, मला वाचता आलं नाही.

पुढच्या वर्षी मांघर जाहीर झालं आणि बचत गटातल्या आम्ही सहाजणी बघायला गेलो. माझ्या डोक्यात एकच राहिलं, तिथे अंगणात पेटी आणि पाठीमागे लगेच रान. मध्ये अंतरच नाही. आमच्याकडे रान दीड किलोमीटर लांब सरकलंय, मधे मोकळे उतार आणि स्ट्रॉबेरीचे प्लॉट. सातेरी सहसा एखाद किलोमीटरच्या आतच फिरते. चांगल्या दिवसात ती थोडी लांबही जाईल, पण जुलैत पावसाची उघडीप मिळते किती, अर्धा तास, फार तर तास. तेवढ्यात जाऊन येण्यासारखं फूल पन्नास-शंभर पावलांवरच पाहिजे. म्हणजे रान परत येईपर्यंत, आणि ते यायला वर्षं लागतील, परसबागेनेच चार महिने काढायचे. मधाचं गाव योजनेत माश्यांना उपयोगी झाडं लावणं धरलेलंच आहे, पण झाडं मोठी होईपर्यंतचं काय ते ज्याचं त्याने बघायचं.

२०२३ च्या मेमध्ये अकरा घरांनी सुरुवात केली. नवीन जागा कोणाकडेच नव्हती, न्हाणीच्या मागे जे अर्धा-एक गुंठा असतं तेवढंच. मांडवावर दोडका, पडवळ, काकडी आणि लाल भोपळा, यांची फुलं पानांच्या आडोशाला असतात म्हणून पावसात जरा टिकतात. मका तीन टप्प्यांत पेरला, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे एकाचे तुरे संपेपर्यंत दुसऱ्याचे येतात (तुऱ्याचा पराग जोराच्या पावसात धुऊन जातो, उघडीप मिळाली तरच उपयोग, हे पण सांगून ठेवते). बांधावर शेवग्याच्या फांद्या खोचल्या. मुळा, मोहरी, कोथिंबीर थोडी उपटायची आणि थोडी फुलायला सोडायची, मुळ्याच्या डिंगऱ्या भाजीला होतातच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, यावर आमच्या आत्याबाईंशी, म्हणजे सासूबाईंशी, माझं थोडं वाजलं पण शेवटी वृंदावनातल्या तेवढ्या खुडायच्या आणि परसातल्या सोडायच्या असं ठरलं. वरच्या पडीक उतारावर कारळा पेरला, तो पावसाच्या शेवटी पिवळाधमक फुलतो, माश्यांनी नुसता गजबजतो, आणि चटणीला घरचा कारळा मिळतो ते वेगळंच. आणि सगळ्यात सोपं काम, घरामागचा तेरडा गवत समजून कापायचा बंद केला.

पैसे वाया पण गेले. पहिल्या वर्षी गटाच्या पैशातून एका नर्सरीतून डबल झेंडू आणि कलमी गुलाब आणले, दिसायला सुंदर, आणि दीड महिना मी बघत होते, एक माशी फिरकली नाही. अशा गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, डबल झेंडूत मधल्या बारीक फुलांच्या, पराग जवळजवळ नसतो आणि पाकळ्यांच्या गर्दीतून आत जायला वाट नसते. आपल्याकडे बाग म्हटली की लॉन आणि डबल फुलं लावायची पद्धत पडलीय. महाबळेश्वर-पाचगणीत अशा बागा किती आहेत बघा, माशीसाठी ते सगळं वाळवंट आहे. त्यातला एक कोपरा जरी साध्या एकेरी फुलांना दिला तरी खूप होईल, हे मी मनापासून सांगते.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत दुसरा धडा मिळाला. सकाळी पेटीसमोर मूठ-मूठ माश्या मरून पडल्या होत्या, जिभा बाहेर आलेल्या. जिभा बाहेर म्हणजे औषध, मामांनी लगेच ओळखलं. वाडीतल्याच एकाने फुलावर आलेल्या स्ट्रॉबेरीवर सकाळी नऊ वाजता फवारणी केली होती. त्याचा पण दोष म्हणवत नाही, कीड पडली होती, कर्ज होतं, आणि औषध देणाऱ्याने वेळेचं काही सांगितलं नव्हतं. भांडण होणार असंच वाटत होतं, पण मामा त्याच्याकडे गेले आणि त्याच्याच प्लॉटमधली एक वाकडी स्ट्रॉबेरी तोडून हातात दिली. स्ट्रॉबेरीच्या अंगावर बाहेरून जे बारीक बारीक दाणे दिसतात ना, तो प्रत्येक दाणा वेगळा फळतो. ज्या दाण्याला पराग पोचला त्याच्या भोवतीचा गर फुगतो, ज्याला नाही पोचला तिथे खळगा पडतो आणि फळ वाकडंतिकडं होतं. वाकडं फळ विक्रीच्या खोक्यात भरता येत नाही, ते जॅमला कमी भावात जातं. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी आमच्या तालुक्यातून जाते, २०१० ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय, पण फळ सरळ करणारी माशी आहे हे प्लॉटवाल्यांच्या लक्षातच येत नाही. मामांनी स्वतःची एक पेटी त्याच्या बांधावर नेऊन ठेवली, फुकट. आता तोच माणूस बाकीच्यांना दम देतो.

त्यानंतर देवळात बसून ठरलं की फवारणी दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की करायची, आणि आदल्या दिवशी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी पण मान्य केलं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. कारण माशी कोणाचा बांध ओळखत नाही, माझी पेटी तुमच्या भोपळ्यावर जगते आणि तुमच्या औषधाने मरते. पाण्याच्या टाकीनंतर आमची वाडी बऱ्याच वर्षांनी एका विषयावर एकत्र बसली होती, आणि बोलत होत्या बायका, कारण परसबाग त्यांची.

निकाल काय, तर २०२१ ला सातातल्या चार पेट्या गेल्या होत्या, २०२४ च्या पावसाळ्यात नवातली एक गेली. सगळं श्रेय बागेचं नाही. त्या वर्षी तसा एकाच दिवसात कहर झाला नाही, आणि मी आता दर आठवड्याला झाकण उचलून अळी आहे का बघतेच, पेटीत जागा जास्त वाटली तर रिकाम्या चौकटी काढून टाकते म्हणजे मेणकिडा लागत नाही. पण श्रावणात अळी दिसते, हे आधी कधी दिसत नव्हतं. आणि दोडक्याचं आणि भोपळ्याचं कळं गळायचं कमी झालं, हे तर पेटी नसलेल्या घरांनी पण सांगितलं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं, तेवढ्या वेळात नरफुलावरून मादीफुलावर कोणीतरी जावं लागतं, नाहीतर ते छोटं फळ पिवळं पडून गळतं. आम्ही इतकी वर्षं त्याला दृष्ट लागली म्हणायचो.

पैशाचं खरं सांगते. सातेरीची चांगली पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते, आमच्या पाच-सहाच्या वर जात नाहीत. खादी मंडळ हमीभावाने मध घेतं, पेट्यांना ५० टक्के अनुदान आहे, आणि महाबळेश्वरला पर्यटक असल्यामुळे छोट्या बाटल्या हातोहात जातात. तरी नऊ पेट्यांवर घर चालत नाही. मिस्टर अजून वाशीलाच आहेत. मध, भाजी, कारळ्याची चटणी, स्ट्रॉबेरीचा सुधारलेला भाव असं सगळं मिळून चार पैसे वाडीत राहतात, आणि आमचा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे निसर्ग राखायला बंधनं घातलेला पट्टा, इथे प्रदूषण करणारा कारखाना येणार नाही हे ठरलेलं आहे, मग जंगल राखून जे होईल तेच आमचं. एक कुलूप उघडलंय, घणसोलीला राहणारं एक जोडपं रिटायर होऊन परत आलं आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती पेटी मागितली.

त्यांना मी लगेच पेटी दिली नाही. आधी एक पावसाळा बाग कर म्हटलं, मग देते. वाईट वाटलं त्यांना, पण मला आता हीच भीती जास्त आहे. मांघरनंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडमधलं पाटगाव मधाचं गाव झालं, त्याला २०२४ ला केंद्राच्या पर्यटन खात्याच्या स्पर्धेत कृषी पर्यटनात बक्षीस पण मिळालं, मनापासून आनंद झाला. अजून गावं होणार आहेत. पण पेट्या वाटणं सोपं असतं, एका दिवसात होतं, फोटो निघतो. फुलोरा मोजायला वर्ष जातं. फुलं तेवढीच आणि पेट्या दुप्पट झाल्या तर सगळ्याच अर्धपोटी राहतील, आणि त्यात आपल्या पेटीतल्या माश्या आहेत तशा भिंतीतल्या पोयाच्या बिनडंखाच्या माश्या आहेत, लाकूड पोखरणारे काळे भुंगे आहेत, त्यांचं पण पोट त्याच फुलांवर. म्हणून आम्ही परसात एक वाळकं ओंडकं तसंच पडू देतो आणि एक तुकडा जमीन न सारवता, न खुरपता ठेवतो, काही माश्या जमिनीतच घर करतात. नवीन गावाने पेटीच्या अर्जाआधी भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा, कुठल्या महिन्यात एका किलोमीटरच्या आत काय फुलतं ते लिहावं. आमच्या तक्त्यात जुलैचा रकाना अजून निम्मा रिकामा आहे.

मामांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. उघडीप मिळाली की ते पेटीजवळ पाटावर बसतात आणि मी तोंडाशी उतरणाऱ्या माश्यांच्या पायांवरचा पराग बघून सांगत जाते, ते झाड सांगतात. परवा सकाळी पण बसलो होतो. पिवळा, म्हटलं. भोपळा, म्हणाले. फिकट पिवळा, अगदी पिठासारखा. मका. मग एक आली तिच्या पायावर काहीच नव्हतं पण पाठीवर खडूने ओढल्यासारखा पांढरा पट्टा होता. सांगितल्यावर मामा जरा थांबले, मग म्हणाले, "तेरडा लागला म्हणायचा. जा, चहा ठेव."